कुकीचा पसारा

पहिल्या खेपेला ओव्हनमधून जे बाहेर आलं त्याला कुकी म्हणायला माझी जीभ धजेना. ट्रेवर मी बारा गोळे ठेवले होते. सारख्या आकाराचे, ओळीत, एकमेकांपासून सभ्य अंतर राखून. वीस मिनिटांनी दार उघडलं तर बाराही जण एकमेकांच्या गळ्यात पडलेले. हद्दी पुसल्या गेल्या होत्या, सीमाप्रश्न कायमचा मिटला होता आणि ट्रेच्या चारी कोपऱ्यांपर्यंत संयुक्त महाराष्ट्र पसरला होता. खालून काळा, वरून तकतकीत, आणि मधेमधे चॉकलेटचे दाणे डोंगरी किल्ल्यांसारखे वर आलेले.

आमची ही ओट्याला टेकून बघत होती. म्हणाली, "घावन बरं झालंय. जाळी तेवढी पडली नाही."

नातवाने खुर्चीवर चढून ट्रेत डोकावून पाहिलं. तो पाच वर्षांचा आहे, बॉस्टनजवळ राहतो आणि मराठी जपून, एकेक शब्द मांडत बोलतो. बराच विचार करून त्याने विचारलं, "आजोबा, ही कुकी झोपली आहे का?"

लेक आणि नातू घरातल्या एका लग्नासाठी तीन आठवडे पुण्याला आले होते, तेही मे महिन्यात. पहिले तीन दिवस आमरसावर निघाले. चौथ्या दिवशी त्याला कुकी हवी झाली. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाच प्रकारचे पुडे आणले. त्याने पाचही फोडायला लावले आणि "हे बिस्किट आहे" असा एकच निकाल पाच वेळा दिला. मग बिस्किट आणि कुकी यांतला फरक त्याने हातानेच दाखवला. अंगठा आणि तर्जनी यांच्यात इंचभर फट ठेवली आणि तिच्यातून एक डोळा बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "एवढी जाड."

बँकेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस मी. इंचभर जाडीचं ते काय कर्ज! म्हटलं, "उद्या करतो." हे वाक्य मी नोकरीत असंख्य वेळा उच्चारलं होतं, पण तेव्हा समोरचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझ्या पोटावर येऊन बसत नसे.

लेकीने तिकडून चॉकलेटच्या दाण्यांची पाकिटं आणली होती आणि पाकिटाच्या पाठीवरच कृती छापलेली होती. सव्वादोन कप मैदा, एक कप बटर, पाऊण कप पांढरी साखर, पाऊण कप ब्राऊन शुगर, दोन अंडी, एकेक चमचा सोडा, मीठ आणि व्हॅनिला, दोन कप चॉकलेटचे दाणे. ३७५ अंशांवर नऊ ते अकरा मिनिटं. बस्स. आमच्या बँकेत पत्ता बदलायचा अर्जसुद्धा याच्या तिप्पट लांब असे.

पहिली ठेच कपाला लागली. आमच्या घरी कप तीन जातींचे आहेत: पाहुण्यांचे, आमचे आणि कान तुटलेले. मापाला म्हणून मी कान तुटलेला घेतला. अमेरिकेचा कप २४० मिलिलिटरचा असतो आणि त्यात हलक्या हाताने भरलेला मैदा साधारण १२० ग्रॅम बसतो, ही माहिती मला नंतर मिळाली. तोच कप पिठाच्या डब्यात खुपसून, आपटून भरला तर मैदा दीडशे ग्रॅमपर्यंत जातो, ही त्याच्याही नंतर. आमचा कप त्याच्या जेमतेम निम्मा. बटर मात्र मी लेकीला विचारून काट्यावर तोललं, चांगलं २२७ ग्रॅम. म्हणजे मैदा पुण्याच्या मापाने पडला आणि बटर अमेरिकेच्या. एवढ्या बटराला एवढासा मैदा आवरणं म्हणजे अख्ख्या वऱ्हाडाला एका आचाऱ्याने वाढण्यासारखं होतं.

दुसरी ठेच ३७५ला. आमच्या ओव्हनची चकती २५०लाच संपते. इथे माझ्यातला बँकवाला जागा झाला. व्याजाचा दर कमी असेल तर मुदत वाढवायची, हिशेब सरळ आहे. मी काटा २५०वर नेला, मुदत वीस मिनिटं केली आणि ओव्हन आधी तापवून घ्यायचा असतो वगैरे बारीक अक्षरातल्या अटी नेहमीप्रमाणे वाचल्या नाहीत. सगळं आटोपल्यावर लेक म्हणाली, "बाबा, ते फॅरनहाइट! आपले १९०." म्हणजे दर कमी नव्हताच, साठ अंशांनी जास्त होता. मी सवलतीच्या नावाखाली सावकारी लावली होती.

पण माप आणि आच दोन्ही सुधारूनही दुसरी खेप झोपलीच. यावेळी बाराच्या बारा निदान स्वतंत्र राहिल्या. प्रत्येकीला मधे टेकाड, कडेला जाळीदार झालर आणि जाडी एका पोह्याच्या पापडाची. मग मी पाकिटाची पाठ न्यायालयीन बारकाईने वाचली आणि मला गुन्हेगार सापडला. एकच शब्द होता. बटर 'मऊ केलेलं' घ्या. कसं मऊ? लेक म्हणाली, "ओट्यावर काढून ठेवायचं. रूम टेम्परेचरला येतं."

कुणाची रूम?

हा प्रश्न पाककृतीच्या पुस्तकांत कोणी विचारत नाही. त्यांची रूम वीस-एकवीस अंशांची असते. तिथे बटर तासभर ठेवलं की बोटाने दाबल्यावर खळगा पडतो, पण बोट आत बुडत नाही. फेसायला हीच अवस्था हवी असते. आमची रूम मे महिन्यातल्या दुपारची, पंखा बंद (मैदा उडतो म्हणून), ओव्हन चालू आणि एका शेगडीवर कैऱ्या उकडताहेत. बटर बत्तीस ते पस्तीस अंशांच्या दरम्यान वितळतं. आमच्या स्वयंपाकघरात ते ओट्यावर ठेवून मी फोन घ्यायला गेलो आणि परत आलो तर पाकिटाचा कागद होता, बटर ओट्याच्या उतारावरून मोरीच्या दिशेने निघालं होतं. रूम टेम्परेचर आपल्याकडेही आहेच. फक्त त्या तापमानाला तूप होतं.

गंमत अशी की ही कृती ज्या गावची, ते गाव आमच्या नातवाच्या घरापासून फार लांब नाही. मॅसॅच्युसेट्स राज्यात व्हिटमन नावाचं गाव आहे. तिथे रूथ वेकफिल्ड नावाच्या बाई आपल्या यजमानांबरोबर 'टोल हाउस इन' हे उपाहारगृह चालवत. १९३०च्या दशकात त्यांनी पिठात चॉकलेटच्या वडीचे तुकडे घातले आणि ही कुकी जन्माला आली. बाईंनी हे चुकून केलं अशी दंतकथा सांगतात. बाई गृहशास्त्र शिकलेल्या आणि शिकवलेल्या होत्या, त्यामुळे ही दंतकथा कोणत्या तरी पुरुषाने रचली असावी असं आमच्या हिचं ठाम मत आहे. १९९७ साली त्या राज्याने चॉकलेट चिप कुकी ही अधिकृत राज्यकुकी म्हणून जाहीर केली. आपल्याकडे शेकरू राज्यप्राणी आहे, हरियाल राज्यपक्षी आहे, तामण राज्यफूल आहे. पण राज्यखाद्य ठरवायच्या फंदात न पडण्याइतका शहाणपणा आपण दाखवला आहे. वडापाव म्हणावं तर नागपूर उठेल, तर्री म्हणावं तर कोल्हापूर, आणि पुरणपोळी म्हणावं तर ती दुधाशी की तुपाशी यावर आयोग नेमावा लागेल.

तर ती कृती थंड गावातल्या थंड स्वयंपाकघरात लिहिलेली. बाईंनी 'मऊ बटर' लिहिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे खिडकीबाहेरचा बर्फ असणार. माझ्या खिडकीबाहेर शेजारणीचे साबुदाण्याचे पापड वाळत होते.

मग मी या विषयाचा अभ्यास केला. निवृत्त माणसाला अभ्यासाला वेळ असतो आणि घरच्यांना तो अभ्यास ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नसतं. चार दिवसांत माझ्या लक्षात आलं की कुकी चपटी का होते याचं उत्तर आपल्या प्रत्येक घरात रोज संध्याकाळी घडत असतं. काही माणसं पसारा करणारी असतात आणि काही आवरणारी. कुकीच्या गोळ्यात बटर आणि साखर हे पसारेवाले. ओव्हनमध्ये गेल्याबरोबर बटर वितळतं, साखर विरघळून पातळ होते आणि दोघं मिळून हातपाय ताणायला लागतात. अंडं आणि मैदा हे आवरणारे. अंड्यातली प्रथिनं तापून घट्ट होतात, मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि त्यांची चौकट उभी राहते. पण हे आवरणारे उठतात उशिरा. बटर वितळून बराच वेळ झाला, आतलं तापमान पुष्कळ वर गेलं, की मग. त्यामुळे सगळा खेळ शर्यतीचा आहे. आवरणारे जागे व्हायच्या आत पसारेवाल्यांनी घर व्यापलं की कुकी चपटी. पसारेवाल्यांना थोडा उशीर झाला की कुकी जाड.

हे मी आमच्या हिला सांगितलं. तिने दिवाणखान्याकडे पाहिलं. तिथे नातवाच्या आगगाडीचे रूळ, चार उशांचा किल्ला, माझी तीन दिवसांची वर्तमानपत्रं आणि उघडा चष्मा होता. "बटर कोण ते कळलं," ती म्हणाली.

पुण्यात माणूस काही करतोय एवढी बातमी फुटली की सल्ला मागावा लागत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या, त्यांनी सोड्याची बरणी हुंगली. "कधीचा आहे?" हा सोडा छोले भिजवायला, मोरी घासायला आणि माझ्या पित्तावर असा तीन खात्यांत काम करत आलेला, त्याच्या नेमणुकीची तारीख कोणालाच आठवेना. काकूंनी त्यावर लिंबू पिळलं. सोडा फसफसला नाही. एक बुडबुडा आला, तोही शिष्टाचार म्हणून. नवा सोडा आणला. पण सोड्याचाही एक स्वभाव आहे. तो कुकीला रंग चढवतो आणि पसरायलाही उत्तेजन देतो. बेकिंग पावडरमध्ये त्याच्याबरोबर आम्लही असतं, त्यामुळे ती कुकीला वरच्या दिशेने नेते. उंची हवी तर थोडा सोडा कमी करून थोडी पावडर घालावी. मी दोन्ही घातली, पूर्ण मापाने. कुक्या फुगल्या, भसकन बसल्या आणि त्यांना शाळेतल्या खडूची चव आली.

सकाळी टेकडीवर भेटणारे एक गृहस्थ म्हणाले, "फेसण्यात कमी पडलात." मी हातातलं यंत्र लावून बटर आणि साखर दहा मिनिटं फेसलं. पांढरंशुभ्र, ढगासारखं. त्यातल्या हवेने कुकी ओव्हनमध्ये टम्म फुगली, नातवाने टाळ्या वाजवल्या, आणि बाहेर काढल्यावर निवडणुकीनंतरच्या आश्वासनासारखी खाली आली. केकला फार हवा मानवते, कुकीला नाही. मिसळलं की थांबायचं.

कोणी म्हणालं ट्रेला तूप लावत जा, चिकटणार नाही. लावलं. चिकटली नाहीच, घसरगुंडीवरून जावी तशी कडेपर्यंत गेली. ट्रेला बटर पेपर घालावा, म्हणजे कुकीला पाय रोवायला जागा मिळते. कोणी म्हणालं मैदा वाढवा. वाढवला. त्या खेपेची कुकी चांगली इंचभर जाड झाली. नातवाने ती चावली, मग तिच्याकडे पाहिलं, मग ती रुळांखाली ठेवली आणि तिच्यावरून आगगाडीचा पूल नेला. लग्नाचं सगळं वऱ्हाड येऊन गेलं, पूल हलला नाही.

दर दोन मिनिटांनी ओव्हनचं दार उघडून बघण्याची माझी सवयही बाधली. आमचा ओव्हन लहान. दार उघडलं की आतली आच बाहेर, आणि आच उतरली की बटराला पसरायला आयती सवड. एकदा मी उलट केलं. कुकी मधे मऊ दिसतेय म्हणून ती कडक होईपर्यंत आत ठेवली. बाहेर आल्यावर ती आणखी कडक झाली. कडा तांबूस झाल्या आणि मधला भाग अजून ओलसर वाटतोय तेव्हाच ट्रे बाहेर काढायचा असतो; पुढचं काम ती ट्रेवर बसून, थंड होता होता स्वतः करते. पण कच्चं वाटतंय असं काहीतरी बाहेर काढणं पस्तीस वर्षं कर्जाची प्रकरणं तपासलेल्या माणसाच्या जिवावर येतं.

आठव्या खेपेच्या रात्री मी ओट्यापाशी बसलो होतो आणि ओव्हन थंड होताना टिकटिक करत होता. त्या वासात, म्हणजे गरम साखर, तूप आणि थोडं करपलेलं, मला एकदम साताऱ्याची बेकरी आठवली.

सत्तरच्या दशकात आमच्या घरी ओव्हन कुठला? दिवाळीच्या आधी आई मैदा, रवा, बेसन, पिठीसाखर आणि तूप मोजून डब्यांत भरायची, आणि मी ते डबे धरून तिच्या मागे बेकरीत जायचो. तिथे गावातल्या निम्म्या बायका आपापले डबे घेऊन नंबर लावून बसलेल्या. कोणाचे डबे कोणाचे हे कळावं म्हणून झाकणावर नावं घातलेली असत. तरी दरवर्षी कोणाची तरी साजूक तुपाची नानकटाई डालड्याच्या घरी जायचीच, आणि तो विषय पुढच्या दिवाळीपर्यंत पुरायचा. बेकरीवाले चाचा परातीत तूप आणि साखर तळहाताने फेसायचे. मग पीठ घालून गोळा जमला की त्यात अंगठा दाबायचे आणि आईकडे न बघताच म्हणायचे, "ताई, तूप जादा पडलंय. पसरेल." आणि मूठभर बेसन भिरकावायचे. भट्टीच्या तोंडाशी हात धरून, मनात काहीतरी मोजून ते आच ठरवायचे. त्यांच्या भट्टीला चकती नव्हती, त्यामुळे ती २५०ला संपतही नव्हती.

आणि एक गोष्ट ते न चुकता करायचे. गोळा तयार झाला की लगेच वळायला घ्यायचे नाहीत. परात माठांच्या कोपऱ्यात, ओल्या फरशीवर नेऊन ठेवायचे. आम्ही पोरं घाई करायला लागलो की म्हणायचे, "बसू दे रे जरा त्याला. गरम आहे ते, आणि तूही."

नानकटाई पसरत नाही याची कारणं मला आता सांगता येतात. तिच्यात अंडं नाही, पाणी नाही. साखरेला विरघळायला ओलावाच नाही. बेसन-रवा तूप धरून ठेवतात. ती फुलते, तिला भेगा पडतात, पण आपली जागा सोडत नाही. आणि हीच नानकटाई कुकीची लांबची बहीण निघते. 'कुकी' हा शब्द अमेरिकेला डच लोकांनी दिला. त्यांच्या भाषेत 'कूक्ये' म्हणजे छोटा केक. सतराव्या शतकात हे डच एकाच वेळी दोन गावांत दुकान मांडून बसले होते. एक न्यू ॲमस्टरडॅम, ज्याचं पुढे न्यूयॉर्क झालं, आणि दुसरं आपलं सुरत. सुरतेत अशी कथा सांगतात की डचांनी गाव सोडताना आपली भट्टी दोटीवाला नावाच्या पारशी कारागिराच्या हवाली केली. पाव खपेना म्हणून त्याने तो वाळवून विकला, त्यातून बिस्किटं आली आणि पुढे तिथली प्रसिद्ध नानकटाई. दोटीवालांची बेकरी आजही सुरतेत आहे. कथा खरी धरली तर एकाच आजीच्या दोन नाती. एक थंड देशात वाढली, एक आपल्या उन्हात. उन्हात वाढलेलीला पसारा करणं परवडण्यासारखं नव्हतं.

सकाळी मी लेकीला विचारलं, "हा गोळा थोडा वेळ बसवला तर?"

"बाबा, तिकडे सगळे तेच करतात. मी सांगणार होते, पण तुम्ही अभ्यास करत होतात."

तिकडे तर यावर मोठी चर्चा झालेली आहे. २००८ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने लेख छापून सांगितलं, गोळा छत्तीस तास फ्रिजमध्ये ठेवा. त्यात दोन गोष्टी होतात. बटर गार होऊन पुन्हा घट्ट होतं, म्हणजे ओव्हनमध्ये ते वितळायला वेळ लागतो आणि तेवढ्यात आवरणारे जागे होतात. शिवाय अंड्यातला ओलावा मैदा सावकाश पिऊन घेतो, गोळा घट्ट होतो आणि चव गडद होते. मी हे सगळं हिला समजावून सांगत होतो. प्रथिनं, ओलावा, छत्तीस तास. ती कैरीच्या फोडींना मीठ चोळत होती.

"म्हणजे मुरू द्यायचं," ती म्हणाली.

"हो, तसंच काहीसं."

"तसंच काहीसं नाही, तेच. मग आठ दिवस काय अभ्यास करत होतात?"

मुरणं! एवढा नेमका शब्द घरात असताना मी इंग्रजीत चाचपडत होतो. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, शिरा झाकण घालून मुरतो, माणूस नोकरीत मुरतो. आपल्याला जो पदार्थ आवडतो तो आपण कधी ना कधी झाकून ठेवून विसरलेला असतो. पाकिटाच्या पाठीवर अकरा मिनिटं लिहिली होती आणि मी ती खरी मानली होती. लोणच्याच्या कृतीत कधी मिनिटं पाहिली आहेत?

नववी खेप सगळ्यांनी मिळून केली. बटर फ्रिजमधून काढलं ते ओट्यावर न ठेवता फक्त दहा मिनिटं परातीत ठेवलं, बोटाने दाबून पाहत. मैदा काट्यावर तोलला. साखरेत पांढरी कमी केली आणि ब्राऊन शुगर वाढवली, कारण पांढरी पसरते आणि ब्राऊन ओल धरून ठेवते. घरातली ब्राऊन शुगर मागच्या खेपांत संपली होती. पण ब्राऊन शुगर म्हणजे शेवटी मळी लावलेली साखर. हिने फडताळातून कोल्हापूरहून आलेली काकवीची बाटली काढली आणि कपभर साखरेला चमचाभर चोळली. रंग आला, ओल आली आणि वास असा आला की अमेरिकेने आपलं पेटंट तपासावं.

अंडी फोडायचा मान मला होता, कारण आमच्या घरी अंड्याचं भांडं, अंड्याचा चमचा आणि अंड्याचा माणूस वेगळा आहे. गोळा झाकून फ्रिजमध्ये गेला. नातवाने दीड दिवसात तो एकवीस वेळा उघडून पाहिला. "मुरला?" "नाही." "आता?" त्याच्या मराठीत एका क्रियापदाची भर पडली आणि ते त्याने आगगाडीला, आजीला आणि बाथरूममध्ये बराच वेळ बसलेल्या मला लावून पाहिलं.

गोळे वळायची वेळ आली तेव्हा माझ्या हाताने दगा दिला असता. वळलेल्या गोळ्यावर हलकेच थाप मारून तो चपटा करायचा, ही थालीपिठाची सवय. हिने मनगट धरलं. "मोदकासारखा उभा ठेवा." म्हणून उभे, टोकदार, सहाच गोळे गार ट्रेवर ठेवले; गार अशासाठी, की मागच्या खेपांत मी एक घाणा काढून त्याच तापलेल्या ट्रेवर दुसरा मांडत होतो आणि बटर ओव्हनमध्ये जायच्या आधीच कामाला लागत होतं. न्यूयॉर्कमध्ये १९९५पासून 'लव्हेन' नावाची एक बेकरी आहे, तिची एकेक कुकी १७० ग्रॅमची असते. मोठा, उंच गोळा आतून उशिरा तापतो म्हणून उंच राहतो. आम्ही ऐंशी ग्रॅमवर समाधान मानलं. ओव्हन आधी वीस मिनिटं तापवला, १९०वर. दार कोणी उघडायचं नाही. त्यासाठी मला बाहेरच्या खोलीत पाठवण्यात आलं.

बारा मिनिटांनी नातवाची हाक आली. "आजोबा! ही जागी आहे!"

खरंच जागी होती. सहाच्या सहा उभ्या, अंगाने भरलेल्या, माथ्याला भेगा पडलेल्या. कुठलीही कोणाच्या हद्दीत गेली नव्हती. नातवाने अंगठा आणि तर्जनी लावून माप घेतलं, फटीतून एक डोळा बारीक करून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. कर्ज फिटलं.

मग हिने चहा आणला, आणि मी कुकी उचलून कपात बुडवायला गेलो. ती कपाच्या तोंडाशी अडकली. आडवी घातली, तिरकी घातली, जाईना.

"नऊ खेपा केल्या," ही म्हणाली, "कपात न मावण्यासाठी."

चार दिवसांनी ते गेले. विमानतळावरून परत आल्यावर हिने तासाभरात दिवाणखाना आवरला. रूळ खोक्यात, उशा पलंगावर, वर्तमानपत्रं रद्दीत. मैद्याने बांधलेला तो पूल मात्र तिने टीव्हीच्या शेजारी तसाच ठेवला. मी काही बोललो नाही. आवरणाऱ्यांनाही कधीतरी उशिरा जाग यावी.

डिसेंबरात लेकीचा फोन आला. तिच्याकडे बाहेर बर्फ होता, मागे नातवाचा आवाज.

"बाबा, याला तुमच्याकडची कुकी हवीय. ती पहिली, सगळी एकत्र झालेली. शाळेत सांगून आलाय की माझ्या आजोबांची कुकी ट्रेएवढी असते. मी तीनदा केली, पण इथे बटर मऊच होत नाही, सगळ्या आपल्या उंच होतात. पसरायला काय करू?"

पस्तीस वर्षांच्या नोकरीत आणि नऊ खेपांच्या अभ्यासात असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी पेन घेतलं, चष्मा लावला आणि पहिली ओळ सांगितली.

"आधी कान तुटलेला कप घे."